पाहुणचाराचे जुलाब

मावळात एखाद्या घरी मांजर आलं की त्याच्यापुढे पहिल्यांदा येतो तो दूधभात. भातही साधासुधा नाही, इंद्रायणीचा. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून हे वाण तयार झालं आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आलं. शिजल्यावर जरा चिकट, वासाला आंबेमोहराच्या घराण्यातलं. तो गरम भात, त्यावर म्हशीचं सायीसकट दूध, बोटांनी कुस्करून मऊ केलेलं. पिल्लू ताटली चाटूनपुसून साफ करतं, घरातली माणसं कौतुकानं बघत बसतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटामागे पिवळं पातळ थारोळं सापडतं. मग कोणीतरी म्हणतं, दूध बाधलं, दहीभात द्या. संध्याकाळी शेजारून उकडलेलं अंडं येतं. तिसऱ्या दिवशी बाजारातून कॅट फूडची पिशवी येते, आणि चौथ्या दिवशी 'हे काही त्याला सोसत नाही' म्हणून तिच्यापेक्षा महाग दुसरी पिशवी. चार दिवसांत पाच तऱ्हेचं खाणं. एवढ्यानं माणसाचंही पोट बिघडेल.

घरात आल्या आल्या जुलाब लागलेल्या मांजरांबद्दल माझं मत पक्कं आहे. यातल्या बऱ्याच तक्रारी आपल्या पाहुणचारातून येतात. उरलेल्यांतल्या बहुतेकांचा अन्नाशी संबंधच नसतो. त्या जंतांच्या किंवा विषाणूंच्या असतात, आणि कितीही पिशव्या बदलल्या तरी जात नाहीत. हे दोन गट वेगळे काढता आले की पुढचं सोपं आहे.

आधी दूध. पिल्लू आईला पितं तेव्हा दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडणारं विकर त्याच्या आतड्यात भरपूर असतं. अंगावरचं पिणं सुटलं की ते विकर कमी होत जातं. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, तिथे पाणी ओढून घेते, आणि तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारून वायू तयार करतात. पोट गुडगुडतं, शी पातळ होते. म्हशीच्या दुधात वरून चरबीही भरपूर. काही मांजरांना जन्मभर दूध पचतं हे खरं, पण नव्यानं आलेलं मांजर त्यातलं आहे का, हे पहिल्याच आठवड्यात तपासायची घाई कशाला? दही थोडं सौम्य, कारण विरजणात साखरेचा काही भाग आंबून जातो. पण तेही औषध नव्हे.

भाताची गोष्ट वेगळी. भात मांजराला विष नाही. मांजराच्या लाळेत पिष्ट पचवणारं विकर नसतं आणि स्वादुपिंडातूनही ते बेताचंच येतं, तरी नीट शिजलेला भात थोडा असेल तर बऱ्यापैकी पचतो. अडचण अशी की त्यानं पोट भरतं आणि शरीर उपाशी राहतं. शिजलेल्या शंभर ग्रॅम भातात प्रथिनं जेमतेम तीन ग्रॅम. मोकाट, स्वतः शिकार करून जगणाऱ्या मांजरांच्या खाण्याचा हिशोब अभ्यासकांनी मांडला, तेव्हा त्यांच्या ऊर्जेतला सुमारे ५२ टक्के वाटा प्रथिनांचा, ४६ टक्के चरबीचा आणि पिष्ट-साखरेचा फक्त २ टक्के निघाला. उंदीर, पाल, पाखरू, नाकतोडा यांत भाताचं शीत कुठून येणार? मांजराचं यकृत प्रथिनं जाळून ऊर्जा काढायला कायम सज्ज असतं. प्रथिनं कमी पडली तर कुत्र्याला किंवा माणसाला तो वेग बराच उतरवता येतो, मांजराला तो फारसा उतरवता येत नाही. मग स्वतःचे स्नायू खर्ची पडतात.

यातला टॉरिनचा किस्सा सांगायलाच हवा. ज्या १९८७ साली वडगावचं इंद्रायणी शेतात उतरलं, त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दाखवून दिलं की मांजरांचं हृदय फुगून निकामी होण्याच्या एका आजारामागे टॉरिन या घटकाची कमतरता आहे. टॉरिन प्राण्यांच्या मांसात, विशेषतः हृदयासारख्या सतत काम करणाऱ्या स्नायूत असतं. धान्यात जवळपास नसतंच. त्याच्या अभावी डोळ्यांचा पडदा झिजून मांजर आंधळं होतं, हे त्याआधी १९७५ मध्येच कळलं होतं. गंमत म्हणजे १९८७ च्या संशोधनातली आजारी मांजरं उकिरड्यावरची नव्हती, नावाजलेलं तयार खाद्य खाणारी होती. कंपन्यांनी टॉरिनचं प्रमाण वाढवलं आणि तो आजार झपाट्यानं कमी झाला. गावातलं मांजर वर्षानुवर्षं दूधभातावर जगतं म्हणून जे दाखले दिले जातात, त्या मांजराचा उरलेला स्वयंपाक भाताच्या कणगीमागे आणि गोठ्यात चाललेला असतो. तेच मांजर उचलून बंद फ्लॅटमध्ये नेलं आणि दूधभात तेवढा चालू ठेवला, की हिशोब चुकतो.

लोणावळ्याच्या मांजरांचं आणखी एक वेगळं आहे. शनिवार-रविवार बंगल्यांवर गर्दी, अंगणात शेगड्या, तंदुरी चिकनच्या हाडांचे ढीग, मक्याच्या कणसांची बुंधं, अर्धवट टाकलेली भजी. सोमवारी सगळं बंद. गुरुवारपर्यंत मांजर बेडूक, किडे आणि कचराकुंडीवर. त्याचं आतडं हा चढउतार कसाबसा सांभाळत असतं. चिक्कीचे तुकडे मात्र तिथेच पडून राहतात, आणि त्याचं कारण मांजराचा नखरा नाही. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी २००५ साली दाखवलं की गोड चव ओळखणाऱ्या ग्राहकाचं एक जनुक मांजराच्या कुळात मोडून निकामी झालेलं आहे, घरच्या मांजरात, वाघात आणि चित्त्यातही. श्रीखंडाची वाटी मांजर चाटतं ते त्यातल्या चरबीसाठी.

असं एखादं पिल्लू पाहुण्यांच्या मुलांना आवडतं, आणि रविवारी संध्याकाळी खोक्यात बसून घाट उतरून मुंबईला किंवा देहूरोडवरून पुण्याला निघतं. गाडी, अनोळखी वास, बंद खोली. ताणानंही आतड्याची हालचाल वाढते. म्हणजे खाण्यात काहीही चूक नसताना पहिले दोन-तीन दिवस शी मऊ होऊ शकते. पिल्लू खेळकर असेल, खात असेल, पाणी पीत असेल, तर त्या काळात करायचं काम फार नीरस आहे: खाणं बदलायचं नाही. ज्या घरातून, दुकानातून किंवा संस्थेतून आणलं तिथे ते काय खात होतं ते विचारून, शक्य असेल तर तेच पाचशे ग्रॅम बरोबर बांधून आणायचं. ते हलक्या प्रतीचं असलं तरी चालेल. बदल नंतर करायचा, सात ते दहा दिवसांत. पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवं, मग अर्धं, मग पाऊण, मग पूर्ण. मध्ये शी सैल झाली तर एक पायरी मागे येऊन दोन दिवस थांबायचं. लपायला एक खोकं, जेवणाची ताटली आणि शी-शूची पाटी एकमेकांपासून लांब, आणि बघायला येणाऱ्या शेजाऱ्यांना आठवडाभर रजा. यानं जितकी पोटं बरी होतात तितकी दुकानातल्या कुठल्याही पिशवीनं होत नाहीत.

रस्त्यावरून उचललेल्या पिल्लाचं आधीचं खाणं म्हणजे उकिरडा. तिथे 'तेच चालू ठेवा' म्हणता येत नाही. अशा वेळी घरी शिजवलेलं चिकन दोन-तीन दिवसांसाठी उत्तम, फक्त ते मांजरासाठी वेगळं शिजवलेलं हवं. आपल्याकडे मटण-चिकन शिजताना अळणी पाणी बाजूला काढतात आणि लाडानं त्यातलं वाटीभर मांजराला देतात. त्यात आलं, लसूण, हळद आणि बहुतेक घरांत कांदाही पडलेला असतो. कांदा-लसणातल्या गंधकाच्या संयुगांनी मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. मांजराचं हिमोग्लोबिन या बाबतीत माणसापेक्षाच काय, कुत्र्यापेक्षाही नाजूक आहे. शिजवून, वाळवून, पूड करून, कसाही दिला तरी कांदा तो कांदाच.

तर पद्धत अशी. कोंबडीची मांडी घ्यावी, छाती नको. गडद मांसात टॉरिन कितीतरी जास्त असतं. कातडं आणि पिवळी चरबी काढून टाकावी, मीठ न घालता थोड्या पाण्यात मऊ होईस्तोवर शिजवावं, हाड काढून बोटांनी धागे सुटे करावेत. शिजवलेलं पाणी ओतून देऊ नये, कारण टॉरिन पाण्यात उतरतं. तेच पाणी दोन चमचे परत मांसावर घालावं, जुलाबानं गेलेल्या पाण्याचीही थोडी भरपाई होते. किलोभर वजनाच्या पिल्लाला मोठा चमचा शिगोशीग भरून, दिवसातून पाच-सहा वेळा. चार किलोच्या मोठ्या मांजराला दिवसभरात दीडशे ग्रॅमच्या आसपास, तेही विभागून. मांजर मुळात थोडं थोडं, अनेकदा खाणारा प्राणी आहे. फ्रिजमधलं तसंच थंडगार ठेवलं तर ते हुंगून निघून जाईल. कोमट करावं, उंदराच्या अंगाइतकं. हवा असेल तर चमचाभर मऊ भात त्यात मिसळावा, इंद्रायणी चालेल, शितं मोजून.

हे दोन-तीन दिवसच. नुसत्या मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतं, आणि वाढत्या पिल्लाला महिनाभर फक्त चिकन दिलं तर शरीर हाडांतलं कॅल्शियम उपसू लागतं. अशा पिल्लाचा पाय ओट्यावरून उडी मारतानासुद्धा मोडतो. जिवापाड प्रेमानं रोज चिकन भरवणाऱ्या घरांतच हे घडतं, म्हणून जास्त वाईट वाटतं.

पवना आणि इंद्रायणीच्या काठी मासळी मिळते. तिथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. रोहू, कटला यांच्या कार्प कुळातल्या गोड्या पाण्यातल्या माशांत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, नष्ट करणारं विकर असतं. कच्ची डोकी आणि आतडी रोज घातली तर काही आठवड्यांत मांजराची मान खाली लोंबते, तोल जातो. शिजवलं की ते विकर मरतं. सुकट-बोंबिलाचा प्रश्न मिठाचा, आणि बिघडलेल्या पोटावर मीठ नको.

आता तयार खाद्य. दुकानात पाउचवर 'प्रथिनं ८ टक्के' आणि कोरड्या दाण्यांच्या पिशवीवर 'प्रथिनं ३० टक्के' असं वाचून लोक पिशवी उचलतात. पण पाउचमध्ये ८२ टक्के पाणी असतं. पाणी वगळलं तर उरलेल्या अठरा भागांत आठ भाग प्रथिनं, म्हणजे ४४ टक्के. दाण्यांत पाणी दहा टक्क्यांच्या आत, म्हणून तिथला आकडा ३३ च्या आसपासच जातो. हा भागाकार दुकानात उभ्या उभ्या करता येतो. दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे ते पूर्ण आणि संतुलित आहार असल्याचं पाकिटावर म्हटलंय का, आणि ते पिल्लांसाठी आहे की मोठ्यांसाठी. नळीतून पिळून चाटवायचं क्रीम हा खाऊ आहे, जेवण नव्हे. पोट बिघडलेलं असताना मी पाउच किंवा डब्यातल्या ओल्या खाद्याच्या बाजूनं आहे, कारण मांजर मुळात तहानेला मंद प्राणी आहे आणि जुलाबात पाणीच जातं. कोरडे दाणेच परवडत असतील तर ते भिजवून द्यावेत. लाज वाटायचं कारण नाही.

'पोट बिघडलं म्हणजे कमी चरबीचं द्या' हा सल्ला माणसांकडून मांजरांकडे आला. जुनाट जुलाब असलेल्या मांजरांवर २०११ साली जास्त चरबीचं आणि कमी चरबीचं अशी दोन सुपाच्य खाद्यं ताडून पाहिली गेली. दोन्ही गटांतली बरीच मांजरं सुधारली, आणि चरबीच्या प्रमाणानं फरक पडला नाही. सुपाच्य असणं आणि बदल थांबणं यांनीच काम केलं असावं. त्याच वर्षी कोलोरॅडोतल्या एका प्राणी निवाऱ्यातला अभ्यासही प्रसिद्ध झाला. एंटेरोकॉकस फिशियम या जिवाणूची एसएफ-६८ ही जात खाण्यावर भुरभुरल्यावर दोन किंवा अधिक दिवस टिकणारे जुलाब कमी मांजरांत दिसले. गर्दी, ताण आणि नवी जागा असलेला निवारा म्हणजे आपल्या नव्या पिल्लाच्या परिस्थितीच्या जवळचाच. म्हणून मांजरांसाठी बनवलेली प्रोबायोटिकची पुडी मला पटते. लाल भोपळा मीठ-तेलाशिवाय शिजवून चमचाभर दिला तर तंतूमुळे शी बांधायला मदत होते. इसबगोल चिमूटभर आणि भरपूर पाण्याबरोबर, तेही मुख्यतः बद्धकोष्ठावर.

उपाशी मात्र ठेवू नये. 'एक दिवस लंघन' हे आपल्या हाडीमासी भिनलेलं आहे, आणि पिल्लाची रक्तातली साखर त्यात घसरते. मोठं, विशेषतः लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर अंगातली चरबी यकृतात साचून यकृत बंद पडू शकतं. माणसांच्या जुलाबाच्या गोळ्या नकोत. पॅरासिटामॉल तर एक गोळीही जीव घेऊ शकते, कारण ती निकामी करून बाहेर टाकणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात तोकडी आहे.

आता दुसरा गट. शी रोज एकदा नीट बघावी, यात किळस बाळगून चालत नाही. शेपटीखालच्या केसांना तांदळाच्या दाण्याएवढे पांढरट, कधी वळवळणारे तुकडे चिकटलेले असतील, तर ते पट्टकृमीचे खंड. हा जंत पिसवांतून येतो. अंग चाटताना पिसू गिळली की झालं. म्हणून नुसतं जंताचं औषध देऊन पिसवा तशाच ठेवल्या, तर महिन्याभरात पहिल्याच जागी. शेवयांसारखे लांब जंत उलटीत पडले तर ते गोल जंत. त्यांची अळी आईच्या दुधातून पिल्लाकडे जाते, त्यामुळे 'अजून बाहेरचं काही खाल्लंच नाही' या सबबीला अर्थ नाही. पोट नगाऱ्यासारखं, बरगड्या वर, केस निस्तेज, अशा पिल्लाला जंत आहेत असंच धरून चालावं. पातळ, दुर्गंधी, शेंबडासारखी चिकट शी जिआर्डिया किंवा कॉक्सिडिया या एकपेशीय जीवांची असू शकते. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि नेहमीच्या जंताच्या गोळीला जुमानत नाहीत. ताजी शी छोट्या डबीत घेऊन जावी, डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली बघतील. मावळातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचा रोजचा राबता गाई-म्हशी-शेळ्यांचा, तरी शी तपासायचं शास्त्र तेच आहे. औषधाचा डोस वजनावर ठरतो, तेव्हा पिल्लू स्वयंपाकघरातल्या काट्यावर पातेल्यात बसवून मोजून जा.

आणि पॅनल्युकोपेनिया. हा विषाणू कुत्र्यांच्या पार्व्होचा भाऊबंद. लस न घेतलेलं पिल्लू सकाळी मलूल होतं, उलट्या सुरू होतात, पाण्याच्या वाटीवर तोंड धरून बसतं पण पीत नाही, मग जुलाब, कधी रक्ताचे. इथे चिकन, भोपळा, पुडी यांवर वेळ घालवणं म्हणजे पिल्लाचे तास खाणं. उलट्या थांबत नाहीत, शीमध्ये रक्त आहे, कान गार पडलेत, हिरड्या पांढऱ्या आहेत, पिल्लू अर्धा दिवस किंवा मोठं मांजर पूर्ण दिवस खात नाही, यांतलं एकही दिसलं तर त्याच वेळी दवाखाना. लोणावळा-तळेगावात कोणी मिळालं नाही तर पुणे. घरात त्या रोगानं पिल्लू गेलं असेल तर विषाणू फरशीच्या फटींत आणि पांघरुणात वर्षभरही टिकतो. फिनाइल त्याला पुरत नाही, पातळ केलेलं ब्लीच लागतं. नवं पिल्लू आणायचं तर लस पूर्ण झालेलंच. लसीची सुरुवात सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जुलैत तिथे मीठसुद्धा पाणी सोडतं. अशा हवेत दुकानदारानं तोंड उघडं ठेवलेल्या पोत्यातून सुटे तोलून दिलेले दाणे घेऊ नयेत. बुरशी दिसायच्या आधी तिचं विष तयार झालेलं असतं. लहान पिशवी घ्यावी, दाणे पिशवीतून काढून डब्यात ओतण्याऐवजी पिशवीच तोंड मुडपून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. म्हणजे डब्याच्या तळाशी राहिलेली जुनी खवट चरबी नव्या दाण्यांना लागत नाही आणि पिशवीवरची तारीखही हाताशी राहते.

जंत गेले, लस झाली, खाणं स्थिर झालं, तरी तीन-चार आठवडे शी सुधारत नसेल तर एखाद्या प्रथिनाचं वावडं असू शकतं. न्यूझीलंडमध्ये २००१ साली पोटाच्या जुनाट तक्रारींच्या ५५ मांजरांची तपासणी झाली, त्यांतल्या १६ मांजरांची तक्रार अन्नाच्या वावड्याची निघाली. यावर रक्त तपासण्यापेक्षा सरळ उपाय म्हणजे पूर्वी कधी न खाल्लेल्या मांसाचं, किंवा प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं, डॉक्टरांनी लिहून दिलेलं खाद्य. पोटाच्या तक्रारीत फरक साधारण दोन आठवड्यांत कळतो. अट एकच, त्या काळात दुसरा कणही पोटात जाता कामा नये. मावळातल्या वाडीत हेच अवघड, कारण मांजर कागदोपत्री एका घरचं असलं तरी जेवायला चार घरी जातं, आणि समोरच्या आजी चहाच्या दुधातलं घोटभर बशीत ओतल्याशिवाय स्वतः पीत नाहीत. तेव्हा खाद्य विकत आणायच्या आधी चारही घरी जाऊन सांगून यावं, आजींकडे सगळ्यात आधी, आणि ते पंधरा दिवस मांजराला दारं बंद करून आतच ठेवावं.